बंदरावरचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की पुण्यात एकाच दिवसात दोन ऋतू नांदतात. सकाळी सहाला गाडीच्या सीटवर दव असतं, ते ओढणीने पुसावं लागतं. दुपारी दोनला त्याच सीटवर बसवत नाही. पावसाळाभर बुरसटलेल्या चपला, गाद्या, जाड चादरी सोसायटीच्या गच्चीवर पसरतात. मार्केट यार्डातून झेंडू भरलेले टेम्पो निघतात आणि सिग्नलला थांबले की मागच्या दुचाकीवाल्यांवर दोन-चार पाकळ्या उडवून जातात. हवा इतकी स्वच्छ होते की आमच्या कोथरूडच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर लहान मुलालाही बोटाने दाखवता येतो. लोक या महिन्याला नावं ठेवतात. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की 'काय उकडतंय' हेच. मी मान डोलावते, पण मनातून मी या उन्हाची वाट पाहत असते.

परवा पौड रस्त्यावर एका ट्रकचं तेल सांडलं होतं. दोघंजण त्यावर फावड्याने वाळू टाकत होते. उन्हात तापलेल्या जुन्या, काळ्या तेलाचा जड वास पसरला होता, घशात चिकटणारा. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून, त्या दोघांकडे रागाने बघत पुढे जात होते. जणू तेल त्यांनीच सांडलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि उगाच दोन मिनिटं उभी राहिले. तो वास मला थेट कोकणातल्या एका लहान बंदराच्या धक्क्यावर घेऊन गेला, काही वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात. त्या ऑक्टोबरात आई माझ्याबरोबर होती.

मी पर्यावरण अभियंता आहे. कोथरूडमधल्या एका छोट्या सल्लागार कचेरीत काम करते. आमचं बहुतेक काम सोसायट्यांची सांडपाणी केंद्रं, कारखान्यांचे अहवाल असं, कोरडंच म्हणावं असं. त्या वर्षी आमच्याकडे बंदराचं काम आलं. बंदरात येणाऱ्या जहाजांचा कचरा उतरवून घ्यायची सोय उभी करायची होती. हे ऐकून मी आधी थोडी बुचकळ्यातच पडले. पुण्याच्या माणसाला समुद्र सुट्टीत आठवतो, आणि जहाजाला कचरा असतो हे तर आठवतच नाही.

पण जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी वीस-पंचवीस माणसांची वस्तीच. ती माणसं स्वयंपाक करतात, दाढ्या करतात, रंग लावतात, यंत्रं पुसतात. भाजीची देठं, प्लास्टिकच्या पिशव्या, तेलाने माखलेल्या चिंध्या, जुने दिवे, सगळं साचत जातं. शिवाय इंजिनाच्या तेलातून निघणारा गाळ; डांबरासारखा काळा, दाट. पूर्वी यातलं बरंचसं निमूटपणे समुद्रात जायचं. आता जगभरच्या नियमांनी त्याला बंदी आहे. नियम जहाजाला सांगतो, टाकू नकोस. मग कुणीतरी बंदराला सांगावं लागतं, की तू घे.

मी दोन महिने खपून आराखडा केला. कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिंपात, तेलाच्या टाकीभोवती केवढा कठडा, जहाजाने आदल्या दिवशी काय कळवायचं, उतरवल्यावर त्याला कोणती पावती द्यायची. आमचे सर मूळचे सदाशिव पेठेतले. शब्द जपून वापरणारे. त्यांनी सगळी पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले की फारच सुंदर लिहिलंय, बंदरावर कुणी वाचणार नाही; तेव्हा तुम्हीच जा आणि हंगाम सुरू करून द्या.

कोकणातली लहान बंदरं पावसाळ्यात मिटून बसतात. समुद्र निवळला की पुन्हा जहाजं येऊ लागतात. गणपती उठल्यावर मी स्वारगेटहून सकाळची सहाची एसटी धरली. घाटात सोनकीने डोंगर पिवळे केले होते. खाली उतरल्यावर दोन्हीकडे भात पिकायला आलेलं, आणि खिडकीतून त्याचा उबदार, धान्याचा वास. पुढे एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि समुद्र दिसला. मला वाटलं होतं निळा असेल. बंदराशी तो तांबूस होता, कारण इथून लाल खनिज माती जहाजात भरली जायची आणि धक्क्यापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत सगळ्यावर तिचा थर होता.

तिथे मला भेटले मयेकर. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, आधी लाँचवर खलाशी होते. आता जहाजांचा कचरा घेण्यासाठी नेमलेल्या पाच जणांतले मुकादम. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यांनी घरची चौकशी केली. वडील नाहीत, मी सांगितलं. आणि आई? आई काय करते?

इथे मी थांबले. माझी आई वीस वर्षं कोथरूडमध्ये घरोघरचा कचरा गोळा करत होती. पहाटे दांडेकर पुलाजवळच्या आमच्या खोलीतून निघायची आणि ढकलगाडी घेऊन चार-चार मजले चढायची. त्याच कामावर तिने मला इंजिनिअर केलं. गुडघे गेले तेव्हा, त्याच वर्षी, तिने काम सोडलं होतं. हे मी कुठेही ताठ मानेने सांगू शकते असं मला वाटायचं. पण समोर पाच कामगार बसले होते, मी त्यांना कामाची शिस्त लावायला आलेली मॅडम होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई घरीच असते."

पुढचे काही दिवस ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. मी चालत राहिले.

पहिलं जहाज आलं ते मुहूर्तासारखं. आमची शेड नव्याने रंगवलेली, पिंपं ओळीत मांडलेली, भिंतीवर चित्रांचे तक्ते. जहाजावरचा कचऱ्याची जबाबदारी असलेला अधिकारी तमिळनाडूकडचा, सडपातळ आणि शांत. त्याने पिशव्या रंगांप्रमाणे वेगळ्या करून, चिठ्ठ्या लावून तयार ठेवल्या होत्या. प्लास्टिक वेगळं, चिंध्या वेगळ्या, स्वयंपाकघराचं वेगळं. बघून मला भरून आलं. मी पावतीपुस्तक आणायला कचेरीत गेले. परत येईपर्यंत आमच्या माणसांनी सगळ्या पिशव्या ट्रॅक्टरच्या एकाच ट्रॉलीत भिरकावल्या होत्या. काही फुटल्या होत्या. शिडीच्या वरच्या टोकाला तो अधिकारी हाताची घडी घालून ते बघत होता. पावती घेतली, मान लववली, गेला.

दुसऱ्या जहाजाच्या पिशव्या सगळ्या एकाच रंगाच्या होत्या, आतलं सगळं एकमेकांत कालवलेलं. हे जहाज वेगळं होतं, माणसं वेगळी होती, पण बंदराबंदरांत बातम्या पसरतात. मी आमच्या माणसांपुढे भाषण केलं. तक्ते दाखवले. मयेकर हो हो म्हणाले आणि तिसऱ्या जहाजाच्या वेळी पुन्हा तेच झालं. त्यात त्यांचा दोष तरी काय होता? ट्रॉली एकच होती, ऊन मी म्हणत होतं, आणि शेवटी कचराच तर होता.

विजयादशमीला मी दोन दिवस पुण्याला आले. आमच्याकडे तो दिवस पांढऱ्या कपड्यांचा. आई सकाळीच नवी पांढरी साडी नेसून तयार होती. विहारात वंदना झाली, खिरीचं वाटप झालं, ओळखीच्या सगळ्या बायका तिला गुडघ्याचं विचारत होत्या आणि ती बरंय बरंय म्हणत होती. पण मला दिसत होतं की ती बरी नव्हती. पहाटे चारला उठायची सवय गेली नव्हती आणि उठून करायला काही नव्हतं. दुपारी जेवताना मी बंदराचं रडगाणं गायले. पिशव्या, ट्रॉली, तो घडी घातलेल्या हातांचा अधिकारी. तिने सगळं ऐकून घेतलं. ताटातली खीर संपवली, हात धुतला आणि म्हणाली की तुझ्या खोलीवर दोघींपुरती जागा आहे का.

मी तिला नको म्हणायची कारणं शोधली. प्रवास लांबचा, गुडघे, समुद्राची दमट हवा. खरं कारण मी मनातल्या मनातही उच्चारलं नाही. तिने दोन साड्या आणि कामाचे जुने रबरी हातमोजे पिशवीत भरले.

धक्क्यावर तिला पहिल्या दिवशी सावलीत खुर्ची दिली. तिने ती घेतली आणि दुपारपर्यंत नुसती बघत बसली. सगळे तिला मावशी म्हणू लागले. चहाच्या वेळी मयेकरांनी आदराने विचारलं की मावशी पुण्यात काय, घरीच असता ना. आईने माझ्याकडे बघितलं नाही. बशीत चहा ओतत सहज म्हणाली, "आता घरी असते. आधी वीस वर्षं कोथरूडात कचरा घेत होते. चारशे घरं होती माझ्याकडे."

मयेकरांची नजर माझ्याकडे वळली आणि लगेच दुसरीकडे गेली. त्यांच्या जागी मी असते तर मला इतक्या सहज नजर वळवणं जमलं नसतं. मला त्या चहाच्या कपात बुडी मारावीशी वाटली. पण आई पुढे बोलत होती आणि पाचही जण खुर्ची ओढून, पिंप आडवं करून, तिच्याभोवती सरकत होते. महिनाभरात माझ्या तक्त्यांपुढे ते असे कधी बसले नव्हते.

तिने त्यांना कोथरूडमधल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंची गोष्ट सांगितली. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. ओला, सुका, काच, औषधाच्या पट्ट्या, सगळं वेगळं, धुऊन-पुसून द्यायच्या. एकदा त्या बाल्कनीत उभ्या असताना खाली आईच्या जागेवर आलेल्या बदलीच्या माणसाने सगळं एका गाडीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंकडून एकच पिशवी यायला लागली, गच्च गाठ मारलेली. आई रोज त्यांच्यासमोर ती गाठ सोडायची, जिन्यातच बसून वेगळं करायची आणि जायची. एक अक्षर बोलायची नाही. पुन्हा दोन पिशव्या यायला पाऊणएक वर्ष लागलं.

"देणारा बघत असतो," आई म्हणाली. "आपण एकात टाकलं की त्याला कळतं, याला माझ्या मेहनतीची किंमत नाही. मग तो का करेल? घेणाऱ्याने आधी नीट घ्यायचं असतं."

मी तो आराखडा लिहिला होता. ऐंशी पानं होती. त्यात हे वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मयेकरांनी कुठून तरी फळ्या आणल्या आणि ट्रॉलीत आडव्या-उभ्या ठोकून तिचे चार कप्पे केले. आईने प्रत्येक कप्प्याला रंगीत चिंधी बांधली, कारण कामाच्या घाईत माणूस वाचत नाही, रंग बघतो. एका बाबतीत मात्र तिचं-माझं वाजलं. परदेशातून आलेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा खतात घालायचा नसतो. त्यातून पिकांचे, जनावरांचे रोग येऊ शकतात, म्हणून तो बंद पिंपातून नेऊन जाळायचा असतो. हे ऐकून ती माझ्यावर उखडलीच. आयुष्यभर ओल्याचं खत करा म्हणून लोकांच्या दारात घसा कोरडा केला आणि आता पोटची पोर जाळायला सांगते. तिने दोनदा कारण विचारलं. दोन्हीदा मी नीट सांगितलं. मग तिने लाल चिंधी काढून घेतली आणि त्या पिंपाला स्वतः बांधली.

त्यानंतर आलेल्या जहाजाने आम्हाला गाठ मारलेल्या एकाच रंगाच्या पिशव्या दिल्या. आमच्या माणसांनी धक्क्यावर ताडपत्री अंथरली, त्या सोडल्या, आणि जहाजाच्या डोळ्यांदेखत सगळं वेगळं केलं. आई हातमोजे घालून त्यांच्यात बसली होती. वरच्या कठड्याला टेकून जहाजाचा आचारी बघत होता, पांढरा डगला घातलेला गोल चेहऱ्याचा माणूस. पंधरा मिनिटं बघून तो आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पिशव्या तीन रंगांच्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग दोरीला बांधलेला एक थर्मास हळूहळू खाली उतरला. आत गोड, दुधाळ कॉफी होती. आचाऱ्याने वरून आईकडे बोट दाखवलं. आईने सगळ्यांत ती कॉफी वाटली, थर्मास धुतला आणि दोरी दोनदा ओढून वर पाठवला.

मला ते दिवस सलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. लाल धुळीत उमटलेली आईच्या रबरी चपलेची नक्षी. ओहोटीला उघडे पडणारे खांब आणि त्यांवर बसलेल्या कालवांची करकर. संध्याकाळी खोलीत आई गुडघ्यांना तेल लावत असताना बाहेर सुकट वाळत घातलेल्या अंगणात मांजरांची भांडणं. एका संध्याकाळी मी तिला म्हणाले की मी मयेकरांना खोटं सांगितलं होतं. ती तेल चोळत राहिली. म्हणाली, "खोटं कुठे? मी घरीच असते. कंटाळा येतो म्हणून तर आले." त्यावर हसावं की रडावं मला कळेना. तिने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि उरलेल्या गुडघ्याला लाव म्हणाली. मी बराच वेळ लावत बसले.

मग ते मोठं जहाज आलं. त्याने आदल्या दिवशी कळवलं होतं की इंजिनाचा गाळ द्यायचा आहे, बारा हजार लिटर. आमचा टँकर सकाळीच धक्क्याला लागला. जहाजाच्या नळाचं तोंड आणि आमच्या नळीचं तोंड जुळेना, तेव्हा मयेकरांनी तासभर खपून जोड बसवला. गाळ यायला लागला आणि थोड्याच वेळात थांबला. मी टँकरमध्ये मापाची पट्टी घालून मोजलं. तीन हजार.

दुपारी जहाजाचा स्थानिक एजंट आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं लाघवी. पावतीवर बारा लिहा म्हणाला. मी मोजलेलं सांगितलं. तो हसला. म्हणाला की पंप दमलाय, तीनच्या भरतीला जहाज सुटायला हवं, नाहीतर उद्यापर्यंत अडकेल. राहिलेलं पुढच्या बंदरात देतील. मी म्हटलं, मग राहिलेल्याची पावतीही पुढच्या बंदराची घ्या. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. बारा हजारांची पावती हातात असलेल्या जहाजाला पुढच्या बंदरात काहीच द्यावं लागत नाही. मधल्या समुद्रात ते नऊ हजार लिटर कुठे जातात हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मयेकरांना तर नक्कीच; किनाऱ्यावर पायाला चिकटणाऱ्या काळ्या गोळ्या त्यांनी लहानपणापासून रॉकेलने पुसल्या होत्या.

अर्ध्या तासात बंदराच्या कचेरीतून फोन आला. आवाज मऊ होता. हंगाम नुकता सुरू झालाय, जहाजं रुसली तर इथलं काम बंद पडेल, तुमचा आराखडाही बंद पडेल, थोडं समजून घ्या. मी विचार करते म्हटलं. आणि घाबरून पुण्याला सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला.

"तुम्ही किती मोजलंत?" सरांनी विचारलं.

"तीन हजार."

"मग मला फोन कशासाठी केलात?" म्हणाले आणि ठेवला.

मी शेडच्या मागे जाऊन उभी राहिले. हातपाय गार पडले होते. समोर पाच माणसं होती, ज्यांची कामं माझ्या एका आकड्यावर टांगली होती. तिथे आई डबा घेऊन आली. मी तिला सांगायला लागले, तर तिने आधी माझ्या हातात भाकरी दिली. म्हणाली, "आधी जेव. उपाशी माणूस लवकर हो म्हणतो."

आम्ही दोघी उलट्या पिंपांवर बसून जेवलो. भाकरी, मिरचीचा ठेचा, बोंबलाची चटणी. तिने एकदाही विचारलं नाही की तू काय करणार आहेस. जेवण संपेपर्यंत हात गरम झाले होते. मी गेले आणि पावतीवर तीन हजार लिहून खाली सही केली.

एजंटने ती पावती दोन बोटांत धरून जहाजावर नेली. पाऊण तासाने शिडीवरून एक उंच, जाडजूड माणूस उतरला. तेलाने डागाळलेला निळा डगला, पांढऱ्या भुवया. जहाजाचा मुख्य अभियंता. पूर्व युरोपातला कुठला तरी. तो भांडायला आलाय असं समजून मयेकर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आई मागे होती. त्याने पावती उघडली, आकड्यावर बोट ठेवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला की हे बरोबर आहे. उरलेला गाळ टाकीत थंड होऊन घट्ट बसलाय. वाफेने तापवला तर पंप उचलेल, पण त्याला रात्र लागेल, आणि त्याला सांगितलं गेलं होतं की तेवढा वेळ नाही. आता वेळ मिळेल, असं म्हणताना त्याचा चेहरा सैल पडला. या माणसाला वेळ हवा होता आणि मागायची सोय नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. त्याने विचारलं, सकाळी टँकर मिळेल का? मी तोंड उघडायच्या आत मयेकर मराठीतच म्हणाले, "सातला उभा करतो." त्याला कळलं.

तीनची भरती आली आणि जहाज न हलवताच ओसरली.

सकाळी सातला नळी जोडली. आधी ती निपचित होती, मग एकदम फुगली, गरम झाली आणि जनावरासारखी थरथरायला लागली. तापलेल्या तेलाचा तो वास सगळ्या धक्क्यावर पसरला. कुणी नाक दाबलं नाही. मयेकर जोडापाशी खाली तबक धरून बसले होते, थेंब धुळीत पडू नये म्हणून. एक टँकर भरून गेला, दुसरा लागला. साडेअकराला नळी पुन्हा शांत झाली. मी पट्टी घातली, पुसली, परत घातली. कालचं धरून बारा हजारांच्या थोडं वरच. अभियंत्याने पट्टी स्वतःच्या हाताने बघितली. मी दुसरी पावती लिहिली. त्याने ती चार घड्या करून छातीच्या खिशात ठेवली, हातमोजा काढला आणि आधी मयेकरांशी हात मिळवला, मग इतर चौघांशी, मग आईशी. माझा नंबर शेवटचा होता. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही सत्कारात मला इतकं बरं वाटलेलं नाही.

नऊ हजार लिटर. समुद्राकडे बघून काहीच कळत नव्हतं. तो कालच्यासारखाच तांबूस, तसाच धक्क्यावर आपटत होता. आपल्या कामाची हीच गंमत आहे. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. आम्ही काय दाखवणार? जे घडलं नाही ते. आई म्हणते तिच्या चारशे घरांचंही तसंच. नाला तुंबला की लोकांना नाला दिसतो, वीस वर्षं तुंबला नाही तेव्हा ती कुणालाच दिसली नाही.

एजंटची तक्रार आठवड्याने कोथरूडच्या कचेरीत पोचली, दोन पानी. माझा आडमुठेपणा, अनुभवाचा अभाव, वगैरे. सरांनी ती शांतपणे वाचली आणि फाइलला लावली. म्हणाले, तुमच्या वार्षिक अहवालाला जोडतो; याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला लिहिता आलं नसतं. बंदराचं काम काही बंद पडलं नाही. त्या मोसमात पुढे आलेल्या जहाजांनी कळवलं तेवढं उतरवलं, एखाद-दोन कुरकुरली, पण उतरवलं. दिवाळीच्या आधी मी परत आले. मयेकरांची माणसं आता माझ्यापेक्षा बारकाईने बघतात. काचेला चिकटलेलं प्लास्टिकही सोडत नाहीत.

त्या ऑक्टोबरपासून कुणी विचारलं की मी आधी आईचं काम सांगते, मग माझं. क्रमच तसा आहे. आम्ही आता कोथरूडमध्येच राहतो, तिच्या चारशे घरांपासून दोन गल्ल्या पलीकडे. सोसायटीच्या सभेत कचऱ्याचा विषय निघाला की चेअरमन तिच्याकडे न बघता बोलायचा प्रयत्न करतात, पण ते जमत नाही.

या वर्षी पावसाळा संपता संपता मयेकरांचा फोन आला. शेजारच्या बंदरातही अशी सोय सुरू होते आहे, नवी माणसं घेतली आहेत. मला वाटलं मला बोलावताहेत. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही आराखडा पाठवा, तो लागेलच. पण येताना मावशी येतील का ते विचारा. मागोमाग त्या बंदराचं रीतसर पत्र आलं, आईच्या नावाने. नावापुढे लिहिलं होतं: प्रशिक्षक. आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं.

काल सकाळी तिला सोडायला स्वारगेटला गेले. सहा वाजले होते, फलाटावर गारवा होता, गाडीच्या काचा दवाने धूसर. मी तिच्याबरोबर जाते म्हटलं होतं, तिने नको म्हणून सांगितलं. तुझी कामं आहेत. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते. कंडक्टर तिकिटं देत तिच्यापर्यंत आला. पांढरे केस, सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. त्याने आपुलकीने विचारलं, "आजी, देवदर्शनाला का?"

"नाही," आई म्हणाली. "बंदरावर चाललेय. शिकवायला."

पुढच्या दोन-तीन सीटवरच्या माणसांनी वळून बघितलं. कंडक्टरने तिकीट तिच्या हातात दिलं, आणि वर ठेवलेली तिची दुसरी बॅग, जी रस्त्यात कलंडली असती, ती आत नीट सरकवून ठेवली.